तुटका खांब

दुकानदारीण: द्या इकडे तो डबा, मास्तर. तुम्ही कशाला उचलता? लोक नुसती स्क्रीन न्यायला येतात, तुम्ही तर कॉम्प्युटरच उचलून आणलात.

मास्तर: मी नाही, या आमच्या लेकीचं काम. एकदा मनावर घेतलं की अर्धवट सोडत नाही. स्टिअरिंग आणलंय, पेडलं आणलीयेत. खुर्ची तेवढी डिकीत मावली नाही म्हणून वाचली.

लेक: ताई, मॉनिटर ज्याला जोडायचाय तोच कॉम्प्युटर लावून बघायचाय मला. तुमच्या मशीनवर काय, सगळेच मॉनिटर गुणी दिसणार.

दुकानदारीण: हे शहाणपणाचं बोललीस. माझ्याकडे येणाऱ्यातली निम्मी पोरं खोक्यावरचा आकडा वाचतात आणि पळतात. मग आठवड्यानं तोंड पाडून परत. कशासाठी हवाय? शाळेला की तुला खेळायला?

लेक: शाळेला. ड्रायव्हिंग शिकायला येणारी मुलं आमच्याकडे रस्त्यावर जायच्या आधी यावर बसतात. समोर स्क्रीनवर रस्ता, हातात हे स्टिअरिंग. मुलं घरी गेली की शर्यतीचे गेम मी खेळते, पण ते बाबांसमोर काढू नका.

मास्तर: काढा की. फाटकाला गाडी घासते आणि स्क्रीनवर दोनशेच्या वेगानं वळणं घेते.

लेक: फाटक अरुंद आहे.

मास्तर: फाटक तीस वर्षं तेवढंच आहे.

दुकानदारीण: मी शिकले तेव्हा हे स्क्रीनबिक्रीन काही नव्हतं बाई. पहिल्याच दिवशी मास्तरांनी मला चालवायला बसवलं, स्वतः शेजारी बसले, त्यांच्या बाजूच्या ब्रेकवर पाय ठेवून.

मास्तर: तो पाय नंतर उचलायला फुरसत कुठे दिलीत तुम्ही?

दुकानदारीण: बघ, अजून टोमणे. पण एक सांगते, अजूनही गाडीत बसले की किल्ली फिरवायच्या आधी माझा हात आरशाकडे जातो. “आधी आरसा, मग सगळं.” इतकं डोक्यात बसवलंय यांनी.

लेक: आता ते कोण सांगणार, ताई? एक तारखेपासून बाबा शिकवणं सोडतायत. शाळेबाहेरच्या पाटीवर तुझं नाव घाल म्हणाले.

दुकानदारीण: काय सांगतेस? मास्तर, खरंच?

मास्तर: कंटाळा आला. तेच ते वळण, तोच तो क्लच. आता पोरीनं सांभाळावं.

लेक: यांना जेवायचा कंटाळा येईल एक वेळ, शिकवायचा नाही यायचा. चार महिने झाले, गाडीत पुढे बसलेले नाहीत. मुलं मी एकटी घेतेय. आजसुद्धा मागच्या सीटवर बसून आले, आमंत्रणाला निघालेल्या पाहुण्यासारखे. आरशात बघावं तर खिडकीबाहेर नजर.

मास्तर: मागे ऐसपैस बसता येतं.

लेक: खरं काय ते सांगत नाहीत, ताई. मी विचारून थकले. भांडून पण झालं. मला ती पाटी नकोय. मला शेजारच्या सीटवर बाबा हवेत.

मास्तर: हे मॉनिटरच्या दुकानात बोलायचं नाही. ताई, तुम्ही दाखवा काय ते.

दुकानदारीण: दाखवते. पण मास्तर, तुम्ही आल्यापासून एकाही स्क्रीनकडे बघितलं नाहीत. भिंतीवरच्या पंख्याकडे बघताय.

मास्तर: मी काय करू बघून? वापरणार ती. एखादा साधा द्या, की निघालो आम्ही.

लेक: साधा नकोच. मला तो कोपऱ्यातला हवाय. बाकदार, मोठा. आकडा बघा त्याचा, सेकंदाला किती चित्रं दाखवतो.

दुकानदारीण: आकड्याचं नंतर. तुमचा कॉम्प्युटर किती वर्षांचा?

लेक: झाली पाचसहा. ग्राफिक्स कार्ड चांगलं आहे, पण बाजारचौकातल्या रस्त्यावर गाड्या नि माणसं वाढली की दमतं.

दुकानदारीण: मग घोडं तिथेच अडतंय. बस इथे, तुझा तो रस्ता चालू कर. माझी एक रीत आहे. मी गिऱ्हाइकाला आधी दुखणं दाखवते, मग औषध. ही स्क्रीन चांगली आहे, पण हिची जी मुख्य सेटिंग आहे ना, ती मी मुद्दाम बंद ठेवलीय. लाव तुझं स्टिअरिंग. चालव.

लेक: हे बघा, निघाले. शाळेच्या मागचा रस्ता. आता डावं वळण घेते, दिव्याच्या खांबांकडून.

दुकानदारीण: जरा जोरात वळ. हां. बघा मास्तर.

मास्तर: तुमचं चालू द्या. मी जरा बाहेर हवेवर उभा राहतो.

दुकानदारीण: अहो, थांबा ना. हे बघितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. परत वळ गं. तो खांब बघा, मास्तर. वरचा अर्धा तुकडा मागे राहिला, खालचा पुढे गेला. सुरीनं कापल्यासारखा.

मास्तर: काय म्हणालात?

दुकानदारीण: खांब तुटतोय म्हटलं. मधोमध. आता ती भिंत बघा, तीपण.

मास्तर: तुम्हाला दिसतोय तो तुटका?

दुकानदारीण: दिसतोय म्हणजे? याच्यावर तर माझं दुकान चालतं.

मास्तर: आणि तुला गं?

लेक: मलाही दिसतोय. रोजच दिसतो. म्हणून तर आलोय आपण. बाबा, काय झालं? बसा. ताई, ते स्टूल द्या जरा.

मास्तर: स्टूल नको, काही नको. परत वळव. त्याच खांबाकडून.

लेक: वळवते. हा बघा.

मास्तर: तुटला. आत्ता तुटला, वरून एक तृतीयांशावर?

दुकानदारीण: हो. आता जरा खाली सरकला तो काप.

मास्तर: सरकला. बरोबर. अरे देवा.

लेक: बाबा, मला सांगा काय होतंय. आता तरी सांगा.

मास्तर: मला वाटलं, मला एकट्यालाच दिसतो.

लेक: म्हणजे?

मास्तर: परीक्षा संपून नवीन मुलं आली, त्या सुमाराची गोष्ट. एका मुलीच्या मागे उभा राहून बघत होतो, ती वळली, आणि खांब तुटला. मी डोळे चोळले. दुसऱ्या वळणाला परत. ती मुलगी मजेत चालवतेय, शेजारचा पोरगा हसतोय, कुणी काही बोलत नाही. मी चष्मा पुसला. घरी येऊन दाराची चौकट बघितली, खिडकीचे गज बघितले, एका डोळ्यानं, दुसऱ्या डोळ्यानं. तिथे काही नाही. दुसऱ्या दिवशी स्क्रीनसमोर गेलो की परत.

लेक: अण्णाकाका.

मास्तर: हो. अण्णांचं असंच सुरू झालं होतं. सरळ रेघ तुटायची त्यांना. आधी चौकट, मग जिन्याची पायरी. वर्षात गाडी सुटली, मग पेपर सुटला. माझा सख्खा मोठा भाऊ. म्हटलं, आता आपली पाळी.

दुकानदारीण: आणि तुम्ही डॉक्टरांकडे गेला नाहीत?

मास्तर: नाही गेलो. घाबरलो, दुसरं काय. त्यांनी सांगितलं असतं की ते खरं झालं असतं. गेलो नाही तोवर तो नुसता अंदाज होता.

लेक: रस्त्यावर दिसलं असं कधी? खऱ्या रस्त्यावर?

मास्तर: कधीच नाही. पण दिसायची वाट बघायची का मी? शेजारी दुसऱ्याचं पोर बसलेलं असतं, ब्रेक माझ्या पायाखाली. एक माणूस चुकीच्या जागी दिसला तर? म्हणून मागे बसायला लागलो. तुझ्या आईला सांगितलं असतं तर तिनं अंथरूण धरलं असतं. तुला सांगितलं असतं तर तू शाळेला टाळं लावून माझ्या मागे हॉस्पिटलं फिरली असतीस. म्हटलं, कंटाळा आला म्हणावं. कंटाळ्याला कुणी औषध आणत नाही.

लेक: बाबा, ती सेटिंग मी बदलली.

मास्तर: कुठली?

लेक: तेव्हाच. नवीन मुलं आली तेव्हा. सगळी कुरकुर करत होती, स्टिअरिंग फिरवलं तरी गाडी जरा उशिरा वळते. व्ही-सिंक म्हणून एक सेटिंग असते, ती चित्र पूर्ण होईपर्यंत थांबायला लावते. थांबते म्हणून उशीर. मी ती काढून टाकली. स्टिअरिंग लगेच वळायला लागलं आणि चित्र फाटायला लागलं. तुम्हाला विचारलं पण नाही. मला वाटलं सगळ्यांनाच दिसतंय, त्यात सांगायचं काय. खेळणाऱ्याला ते रोजचंच असतं.

मास्तर: मुलांनी कुणी काही कसं नाही म्हटलं?

लेक: त्यांना काय ठाऊक रस्ता कसा दिसायला हवा? ती तर शिकायला आली होती. त्यांना वाटलं असेल, असंच असतं.

मास्तर: चार महिने.

लेक: मला माफ करा बाबा. एका बटणापायी तुम्ही चार महिने एकटेच हे घेऊन बसलात, आणि मी तुमच्यावर चिडत राहिले.

मास्तर: रडू नकोस. दुकानात रडायचं नाही. चूक निम्मी तुझी, निम्मी माझी. तू सांगितलं नाहीस आणि मी विचारलं नाही. दोघं एकाच खोलीत, एकाच खांबाकडे बघत.

दुकानदारीण: घ्या, आता पाणी प्या दोघंही. मला विचाराल तर जीव भांड्यात पडला माझा. पण मास्तर, डोळे दाखवून घ्यायचे. घरात दुखणं आहे म्हटल्यावर ते चुकवायचं नाही.

मास्तर: दाखवतो. उद्याच. आता जायची भीती उरली नाही.

लेक: उद्या सकाळी मी नेते. हो म्हणून टाळायचं नाही.

मास्तर: टाळत नाही. आता मला हे समजावून सांगा, ताई. खांब तुटतो तो का तुटतो? मी चार महिने त्याच्याबरोबर काढलेत. ओळख तरी होऊ दे.

दुकानदारीण: आता आलात तुम्ही मूळ रूपात. ऐका. स्क्रीन चित्र बदलते ठरलेल्या ठेक्यात, वरून खाली पुसत पुसत. आणि कॉम्प्युटरमधलं कार्ड चित्र काढतं आपल्या सवडीनं. रस्ता मोकळा असला की भराभर, चौकात गर्दी झाली की हळू. स्क्रीन निम्मी पुसून झालीय आणि तेवढ्यात नवीन चित्र आलं, तर वरचा भाग जुना आणि खालचा नवा. झाला खांब तुटका.

मास्तर: म्हणजे एकाचा वेग दुसऱ्याला माहीत नाही.

दुकानदारीण: बरोबर. पोरी, तुझी ती जुनी व्ही-सिंक कार्डाला थांबवायची, म्हणून उशीर. ही नवीन पद्धत उलटी आहे. यात स्क्रीनच आपला ठेका बदलते. कार्ड चित्र देईल तेव्हा ती बदलणार. हळू दिलं तर हळू, भराभर दिलं तर भराभर. थांबणं नाही, फाटणं नाही.

मास्तर: पुढच्या गाडीच्या वेगानं आपला वेग ठेवायचा. पहिल्या आठवड्यातला धडा.

दुकानदारीण: एवढंच. फक्त ही सेटिंग दोन ठिकाणी चालू करायची असते, मॉनिटरच्या मेनूत आणि कॉम्प्युटरमध्ये. लोक एकीकडे करतात आणि मला शिव्या देतात. हे बघा, दोन्हीकडे चालू केली. वळ गं.

लेक: वळते. बाबा?

मास्तर: सरळ आहे. आख्खा खांब.

लेक: आणि स्टिअरिंग लगेच वळतंय. हाताला कळतंय.

मास्तर: उठ. मला बसू दे.

लेक: तुम्ही चालवणार?

मास्तर: स्क्रीनवर कुणाचं काय बिघडतंय? उठ म्हटलं ना. पेडल कसलं लांब ठेवलंय. हां. बाजारचौकाकडे जातो. इथे काय झालं? परत तुटायला लागला.

दुकानदारीण: शाबास. हेच दाखवायचं होतं. प्रत्येक मॉनिटरला एक खालची हद्द असते. याची अठ्ठेचाळीस. म्हणजे सेकंदाला निदान तेवढी चित्रं आली तर हा जुळवून घेतो. चौकात तुमचं कार्ड दमून चाळिसावर येतं, की यानं हात वर केले.

लेक: म्हणून तर मोठ्या आकड्याचा घेऊ म्हणते. तो बाकदार. वरचा आकडा दोनशेचाळीस आहे.

दुकानदारीण: अगं, तुमचं कार्ड शंभर गाठत नाही, दोनशेचाळीस घेऊन काय टेंभा मिरवायचाय? पण वरची हद्द जास्त असण्याचा एक उपयोग आहे. ती खालच्या हद्दीच्या दुपटीपेक्षा बरीच वर असली की चित्रं कमी पडल्यावर असे मॉनिटर तेच चित्र दोनदा दाखवून वेळ मारून नेतात. मग चौकातसुद्धा फाटत नाही. या पहिल्याची वरची हद्द पंचाहत्तर, त्याला ते जमत नाही. तुझा बाकदार ते करतो. बसा मास्तर, तो लावते.

मास्तर: रंग चांगले आहेत. काळा रंग खरोखर काळा दिसतोय. चौक बघू. हं, चौकात धड आहे.

लेक: मी म्हटलं होतं. हाच घ्यायचा. बांधा, ताई.

मास्तर: घाई नको. बोगद्यातून जाऊ दे एकदा. मुलं बोगद्यातच बिचकतात.

लेक: गेलात. झालं समाधान?

मास्तर: नाही. लुकलुकतोय.

लेक: कुठे?

मास्तर: बोगद्यात शिरताना. भिंतीचा करडा रंग कमीजास्त होतोय. मिणमिणत्या बल्बसारखा.

लेक: मला नाही दिसलं.

दुकानदारीण: मलाही नाही. परत घ्या बरं बोगदा.

मास्तर: आता बघा. डाव्या भिंतीचा खालचा भाग. हा. आणि हा.

दुकानदारीण: अरे हो. आहे की. अंधाऱ्या चित्रात ठेका सारखा बदलला की काही मॉनिटर असं करतात. माहीत आहे मला, पण ते इतकं बारीक आहे की मी स्वतः चुकले असते. मास्तर, तुमच्या डोळ्यांना काय झालंय म्हणत होतात?

मास्तर: उद्या डॉक्टर सांगतील ते खरं. पण एवढं दिसतंय खरं मला.

लेक: माझ्या आधी दिसलं तुम्हाला. मी रोज खेळते तरी.

मास्तर: तू जिंकायला बघतेस. मी काय चुकतंय ते बघतो. जन्म गेला त्यात. ताई, हा नको. शिकणारं पोर दिवसभर याच्यासमोर बसलं तर डोकं धरून घरी जाईल.

दुकानदारीण: मग हा मधला बघा. दिसायला अगदी सरळसाधा. वरची हद्द एकशे चव्वेचाळीस, चौकात दोनदा चित्र दाखवतो, काळा रंग तितका गडद नाही, पण अंधारात लुकलुकत नाही. मी माझ्या घरी हाच ठेवलाय.

लेक: बाकदार नाहीये पण.

मास्तर: आपल्या गाडीची काच बाकदार आहे का?

लेक: थोडी आहे.

मास्तर: वाद घालू नकोस. खांब बघ. आख्खा. चौक बघ. आता बोगदा. अंधार आहे आणि अंधार गप्प बसलाय. हाच.

लेक: बरं, हाच. तुम्ही हसताय बाबा. किती दिवसांनी.

मास्तर: हसू नको तर काय करू? चार महिने मी आंधळा व्हायची तयारी करत होतो. जिन्याच्या पायऱ्या पाठ केल्या, बँकेत कुठल्या खिडकीवर जायचं ते पाठ केलं. बंद डोळ्यांनी दाढी करून बघितली.

लेक: म्हणून ती हनुवटीवरची जखम?

मास्तर: म्हणून.

दुकानदारीण: मास्तर, मग पाटीचं काय करायचं? एक तारीख जवळ आली.

मास्तर: पाटी राहू दे आहे तशी. डॉक्टर काय म्हणतात ते बघू. त्यांनी चालेल म्हटलं तर एक तारखेला सकाळची पहिली तुकडी माझी. नाही म्हटलं तर शाळेतल्या स्क्रीनसमोर बसून बोगद्यात नेईन पोरांना. घरी बसायचं नाही एवढं ठरलं.

लेक: पाटीवर माझं नाव तुमच्या खाली घाला. छोट्या अक्षरांत.

मास्तर: फाटकाला गाडी घासायची थांबली की.

दुकानदारीण: वायर नवीन खोक्यातलीच वापरा हं, जुनी जोडाल तर सेटिंग दिसायचीच नाही. आणि दोन्ही ठिकाणी चालू करा. सांभाळून जा.

लेक: चला. बाबा, मागचं दार उघडं आहे.

मास्तर: मागे मॉनिटर ठेव. खोकं उभंच ठेव, आडवं नको. पट्टा लाव त्याला. आता पुढचं दार उघड.

लेक: पुढे बसताय?

मास्तर: नुसता बसतोय. पाय ब्रेकपासून लांब, उद्यापर्यंत. सीट कुणी एवढी पुढे ओढलीय?

लेक: आईनं. तुम्ही मागे बसायला लागल्यापासून ती बसते इथे.

मास्तर: गुडघे मोडायची लक्षणं. हां, सरकली. काय बघतेस माझ्याकडे? किल्ली लाव.

लेक: लावते.

मास्तर: आधी आरसा.

लेक: बघितला. चार महिने त्यात तुम्ही दिसायचात. आज मॉनिटर दिसतोय.

मास्तर: मग आता रस्ता बघ.